गाडीत स्टिरिओ स्वतः बसवताय? मग डॅशबोर्ड सगळ्यात शेवटी बंद करा

घरी स्टिरिओ बसवणाऱ्यांच्या तक्रारी फिरून फिरून त्याच असतात. सकाळी बॅटरी उतरलेली, गाडी बंद केली की घड्याळ आणि स्टेशनं पुसली जातात, आवाज पोकळ येतो, एफएम पकडत नाही. यातली कुठलीही गोष्ट बहुतेक वेळा स्टिरिओ खराब आहे म्हणून होत नाही, वायर चुकीची जोडली म्हणून होते, आणि वायर चुकते कारण माणूस रंगाला रंग जोडतो, मोजत नाही, आणि तपासायच्या आधीच पॅनेल दाबून बसवतो. म्हणून खालचा क्रम मोडू नका. पॅनेल खोलणं-बसवणं हे सोपं काम आहे, खरं काम मधलं आहे.

मी इथे आपल्याकडची साधी हॅचबॅक धरलीये, म्हणजे ऑल्टो, वॅगनआर, जुनी स्विफ्ट, आय टेन वगैरे, कंपनीचा साधा टेप आहे किंवा बेस मॉडेल असल्यामुळे नुसतं झाकण आहे आणि त्या जागी नवीन स्टिरिओ किंवा अँड्रॉइड स्क्रीन बसवायचीये.

ज्या गाडीत कंपनीच्याच स्क्रीनवर एसी, कॅमेरा, गाडीची सेटिंग सगळं एकत्र आहे, किंवा गाडी हायब्रिड नाहीतर इलेक्ट्रिक आहे, तिथे हे घरी करू नका. गाडी वॉरंटीत असेल तर कंपनीची एकही वायर कापायची नाही, फक्त कपलरला (वायरींच्या टोकाच्या प्लास्टिकच्या प्लगला) कपलर जोडायचा. वायर कापलेली दिसली की पुढे इलेक्ट्रिकलचा कुठलाही क्लेम अडतो.

टप्पा १: विकत घ्यायच्या आधी मापं घ्या

डिन म्हणजे डॅशबोर्डमधल्या स्टिरिओच्या खाचेचं ठरलेलं माप. सिंगल डिनची खाच साधारण १८० बाय ५० मिलिमीटर, डबल डिनची १८० बाय १००. नऊ किंवा दहा इंची अँड्रॉइड स्क्रीन या खाचेत बसत नाही, ती गाडीप्रमाणे बनवलेल्या फ्रेममध्ये बसते, त्यामुळे स्क्रीन घेताना गाडीचं मॉडेल आणि साल दोन्ही सांगून फ्रेम घ्या. नुसतं 'स्विफ्टची द्या' म्हणून चालत नाही, दरवेळी मॉडेल बदललं की डॅशबोर्डही बदलतो.

सोबत तीन गोष्टी आत्ताच घ्या, नंतर अर्ध्या उघड्या गाडीनं दुकानात जाता येत नाही:

- तुमच्या गाडीचा कपलर. एका बाजूला गाडीचं सॉकेट, दुसऱ्या बाजूला स्टिरिओचं. जुन्या बऱ्याच गाड्यांत आयएसओचे दोन चौकोनी ब्लॉक असतात, नव्यांमध्ये प्रत्येक कंपनीचा वेगळा.
- अँटेनाचा अॅडॅप्टर, लागत असेल तर. जुनी पिन जाड आणि गोल असते, नव्या गाड्यांत छोटा चौकोनी प्लास्टिकचा कनेक्टर येतो.
- बेस मॉडेल असेल तर स्पीकरची वायर. झाकणाच्या मागे सॉकेट दिसलं म्हणजे दारापर्यंत वायर गेलीच असेल असं धरून चालू नका.

पुण्यात नाना पेठेत, मुंबईत कुर्ल्याच्या सीएसटी रोडला हे सगळं हिंडून मिळतं. जमलं तर गाडी घेऊनच जा आणि कपलर लावून बघून घ्या.

अवजारं फार लागत नाहीत. १० चा पाना, स्टार स्क्रूड्रायव्हर, पॅनेल खोलायच्या प्लास्टिकच्या पट्ट्या, वायर सोलायचा कटर, क्रिम्पिंगची (जोड दाबून बसवायची) पक्कड किंवा सोल्डर, हीट श्रिंक स्लीव्ह (गरम केली की वायरवर आवळणारी नळी), कापडी टेप, केबल टाय आणि डिजिटल मल्टिमीटर. मल्टिमीटर नसेल तर काम सुरूच करू नका. घरातला लाईटचा टेस्टर इथे उपयोगाचा नाही, तो २३० व्होल्टसाठी असतो, गाडीच्या १२ व्होल्टवर पेटतच नाही आणि माणूस समजतो वायरमध्ये करंट नाही.

टप्पा २: गाडी तयार करा

सावलीत, सपाट जागी गाडी लावा, हँडब्रेक ओढा, चाकाला वीट लावा. पॅनेल काढताना गियर मागेपुढे करावा लागतो, ऑटोमॅटिक असेल तर पार्किंगमधून काढावा लागतो, तेव्हा ही वीट कामाला येते. काचा खाली करा आणि चावी खिशात ठेवा, बॅटरी काढल्यावर सेंट्रल लॉक चालत नाही.

जुन्या टेपला कोड लागतो का ते मॅन्युअलमध्ये बघा. काही गाड्यांत बॅटरी काढली की टेप कोड मागतो, आणि तो टेप परत कधी लावायची वेळ आली तर कोडशिवाय तो नुसता डबा.

मग बॅटरीची निगेटिव्ह काढा. निगेटिव्हच, आणि तीच पहिली. पॉझिटिव्ह आधी काढायला गेलात आणि पाना बॉडीला टेकला तर तिथल्या तिथे ठिणगी पडते. काढलेला टर्मिनल कापडात गुंडाळून बाजूला बांधा, आपोआप परत टेकायला नको. यानंतर पाचेक मिनिटं थांबा, एअरबॅगच्या सर्किटमध्ये थोडा वेळ चार्ज राहतो.

सावधान: पिवळ्या वेष्टनातली वायर किंवा पिवळा कपलर दिसला तर तो एअरबॅगचा (स्टिरिओची स्वतःची पिवळी वायर वेगळी, ती टप्पा ४ मध्ये). त्याला हात नाही, मीटर तर अजिबात नाही.

टप्पा ३: पॅनेल खोलणं

आधी तुमच्याच मॉडेलचा एखादा व्हिडिओ बघून ठेवा, कारण स्क्रू कुठे लपवलेत ते गाडीगणिक वेगळं असतं. बहुतेक ठिकाणी स्टिरिओभोवतीचं पॅनेल क्लिपांवर असतं, आणि आत टेप चार स्क्रूंवर. गियरवर आणि खालच्या कन्सोलवर जुनी चादर टाका, पॅनेलच्या कडेला मास्किंग टेप लावा.

पट्टी खालच्या कोपऱ्यातून घाला आणि क्लिप जिथे असेल तिथेच ओढा. एक कोपरा सुटला म्हणून तिथूनच खसकन ओढलं की दुसऱ्या टोकाची क्लिप तुटते. ओढून येत नसेल तर ताकद लावू नका, कुठेतरी एक स्क्रू राहिलाय. हिवाळ्यात सकाळी प्लास्टिक कडक असतं, थोडं ऊन लागू द्या मग खोला.

पॅनेल सुटलं की लगेच लांब ओढू नका, मागे हॅझार्डच्या बटणाची, कधी घड्याळाची वायर असते. कपलरची जीभ दाबून तो काढा, वायर धरून ओढू नका. प्रत्येक कपलर काढायच्या आधी एक फोटो. स्क्रू डब्यात एकत्र टाकू नका, कारण लांबी वेगळी असते आणि त्याचा त्रास पुढे होतो.

टप्पा ४: वायर ओळखणं (इथे घाई नाही)

स्टिरिओच्या बाजूच्या वायरींचे रंग बहुतेक कंपन्या सारखेच ठेवतात:

- पिवळी: डायरेक्ट बॅटरी, मेमरीची
- लाल: चावीचा करंट, म्हणजे एसीसी (इंजिन चालू न करता चावी पहिल्या खुणेवर फिरवली की येणारा)
- काळी: अर्थ, म्हणजे गाडीच्या बॉडीला जाणारी निगेटिव्ह
- निळी: अँटेनाची पॉवर, निळी-पांढरी: अॅम्पची (वेगळा अॅम्प्लिफायर असेल तर)
- नारिंगी किंवा नारिंगी-पांढरी: हेडलाईट लावल्यावरची लाईट
- पांढरी: पुढचा डावा स्पीकर, राखाडी: पुढचा उजवा, हिरवी: मागचा डावा, जांभळी: मागचा उजवा. काळा पट्टा असलेली तीच वायर म्हणजे त्या स्पीकरची निगेटिव्ह.

गाडीच्या बाजूचे रंग मात्र गाडी बनवणाऱ्याच्या मर्जीचे. गाडीत लाल वायर दिसली म्हणून ती चावीची असेल हे गृहीत धरणं, ही या सगळ्या कामातली सगळ्यात महागडी चूक. अगदी आयएसओ सॉकेट असलं तरी तपासा. त्याच्या पॉवरच्या ब्लॉकमध्ये ४ नंबरला डायरेक्ट, ७ ला चावीचा आणि ८ ला अर्थ असं ठरलेलं आहे, पण फोक्सवॅगन आणि स्कोडाच्या बऱ्याच जुन्या गाड्यांत ४ आणि ७ उलटे असतात.

आता मोजायला बॅटरी लागणार. चावी घालायच्या आधी पॅनेलचे काढलेले कपलर तात्पुरते परत लावा, विशेषतः पॅसेंजर एअरबॅगचा दिवा त्या पॅनेलवर असेल तर, नाहीतर गाडीच्या स्पीडोमीटरपाशी एअरबॅगचा लाल दिवा लागून बसतो. मग निगेटिव्ह जोडा. मल्टिमीटर डीसी २० व्होल्टवर, काळी प्रोब बॉडीच्या उघड्या लोखंडाला.

एक. चावी बाहेर असताना ज्या पिनवर १२.४ ते १२.७ व्होल्ट मिळतात ती डायरेक्ट. ती पिवळीला.

दोन. चावी बाहेर असताना शून्य, एसीसीवर फिरवली की १२, काढली की परत शून्य, ती चावीची. ती लालला. चावी दोनतीन वेळा फिरवून बघा.

तीन. चावी एसीसीवर ठेवून पार्किंग लाईट लावल्यावरच व्होल्ट येतो ती लाईटची. काही गाड्यांत शेजारी तिचीच निगेटिव्ह असते जी डिमरवरून जाते, तिला अर्थ समजून काळी वायर जोडू नका, डिमर फिरवला की स्टिरिओ चमत्कारिक वागतो.

चार. अर्थ तपासायला लाल प्रोब डायरेक्टच्या पिनवर आणि काळी प्रोब संशयित अर्थवर. बॅटरीवर जेवढे व्होल्ट दिसतात तेवढेच इथे दिसले पाहिजेत. अर्धा व्होल्ट जरी कमी दिसला तरी ती अर्थ नको. डॅशबोर्डच्या आतल्या रंग दिलेल्या पत्र्याला स्क्रू मारून अर्थ घेणं हेही नको, कंपनीच्या सॉकेटमधलीच वापरा.

हातासरशी कागदी टेपचे तुकडे लावून प्रत्येक वायरवर नाव लिहा. आणि बॅटरी परत काढा.

स्पीकरच्या वायरी

कपलर तुमच्या गाडीचाच असेल तर हे तयार मिळतं, पण गाडीत आधी कोणी हात घातलाय असा संशय असेल तर तपासा. मीटर ओहमवर ठेवा. चार ओहमच्या स्पीकरच्या जोडीवर साधारण ३ ते ४ ओहम दिसतात. मग त्यातली प्रत्येक वायर आणि बॉडी यांच्यात मोजा, तिथे ओहमचा आकडा दिसता कामा नये. दिसलं तर ती वायर कुठेतरी सोललीये, बहुतेक वेळा दाराच्या रबरी नळीत, आणि तशीच जोडली तर स्टिरिओचं आउटपुट जळतं.

प्लस-मायनस ओळखायला घड्याळातला दीड व्होल्टचा सेल पुरतो. स्टिरिओ जोडलेला नसताना सेल त्या दोन वायरींना क्षणभर टेकवा. ज्या कोपऱ्यातून 'खट्' आवाज येतो तो स्पीकर, आणि त्याचा कोन (स्पीकरचा हलणारा पुढचा पडदा) बाहेर सरकला तर सेलचा प्लस ज्या वायरला लागलाय ती प्लस. क्षणभरच टेकवायचं, धरून ठेवायचं नाही. कंपनीचा वेगळा अॅम्प असलेल्या गाडीत हे करू नका.

सावधान: स्पीकरची निगेटिव्ह आणि बॉडीची अर्थ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आजच्या स्टिरिओत स्पीकरच्या दोन्ही वायरींत करंट असतो. चार स्पीकरच्या चार निगेटिव्ह एकत्र पिळून अर्थला जोडल्या तर नवाकोरा स्टिरिओ पहिल्याच गाण्याला जातो.

टप्पा ५: जोडणं

कपलर असेल तर हा टप्पा टेबलावर बसून करायचा. गाडीत वाकून, मोबाईलचा टॉर्च तोंडात धरून वायर सोलायची काही गरज नाही. स्टिरिओची हार्नेस (सोबत आलेला वायरींचा जुडगा) आणि गाडीचा कपलर या दोघांच्या शेपट्या घरात जोडून घ्या, गाडीत फक्त प्लग लावायचा.

वायर पिळून वर साधी प्लास्टिकची टेप गुंडाळायची आपल्याकडे फार सवय आहे. एप्रिल-मेमध्ये उन्हात उभ्या गाडीचा डॅशबोर्ड किती तापतो ते हात लावून बघा, नागपूर-जळगावकडे तर विचारूच नका. त्या उष्णतेत टेपचा गोंद सुटतो, टेप उलगडते आणि दोन वायरी एकमेकींना टेकतात. म्हणून क्रिम्प करा, किंवा सोल्डर करा, पण वर हीट श्रिंक स्लीव्ह हवीच. स्लीव्ह वायर जोडायच्या आधी ओवायची असते, हे लक्षात ठेवा.

क्रिम्प केल्यावर प्रत्येक जोड दोन्ही हातांनी ओढून बघा. सुटला तर आत्ता सुटू दे. सगळे जोड एकाच ठिकाणी आणू नका, थोडे पुढेमागे ठेवा म्हणजे गाठोडं होत नाही. ज्या वायरी वापरायच्या नाहीत त्यांची उघडी टोकं एकेक करून वेगवेगळी बंद करा.

पिवळ्या वायरवर आलेला फ्यूज काढून टाकायचा नाही, आणि १० चा उडतो म्हणून २० चा घालायचा नाही. फ्यूज उडतोय म्हणजे कुठेतरी शॉर्ट आहे.

आणखी एक सवय फार पसरलीये, लाल आणि पिवळी एकत्र करून दोन्ही डायरेक्टला जोडायची, 'चावी नसताना पण गाणी ऐकता येतात' म्हणून. अशा जोडणीत अँड्रॉइड स्टिरिओ कधी झोपतच नाही. चार दिवस गाडी उभी राहिली की स्टार्टर नुसता टिकटिकतो. दोन वायरी दोन ठिकाणी, याला पर्याय नाही.

अँड्रॉइड स्क्रीनसोबत हँडब्रेकचीही एक वायर येते, ब्रेक ओढलेला असेल तरच व्हिडिओ दिसावा म्हणून. बरेच जण ती थेट अर्थला देऊन टाकतात. नका देऊ. चालत्या गाडीत ड्रायव्हरसमोर पिक्चर चालू असणं याचा परिणाम रस्त्यावरच्या दुसऱ्याला भोगावा लागतो. मागचा कॅमेरा त्या वायरशिवायही दिसतो, त्याची रिव्हर्सची वायर वेगळी असते.

टप्पा ६: उघडं ठेवूनच तपासा

स्टिरिओ खाचेत न घालता चादरीवर ठेवा, सगळे प्लग लावा, काढलेली बटणं जोडा, मग बॅटरी. आता एकेक:

- चावी एसीसीवर: चालू झाला पाहिजे. चावी काढली: बंद झाला पाहिजे. एखादं स्टेशन सेव्ह करून चावी काढा, पाच मिनिटांनी परत लावा. स्टेशन गेलं असेल तर पिवळी-लाल उलट आहे.
- बॅलन्स (डावा-उजवा) आणि फेडर (पुढचा-मागचा) वापरून एका वेळी एकच कोपरा वाजवा. स्क्रीनवर पुढचा डावा आणि आवाज मागून, असं असेल तर आत्ताच बदला.
- बॅलन्स पूर्ण डावीकडे, मग मध्यभागी. मध्यभागी आणल्यावर बास वाढायला हवा. उलट कमी होऊन आवाज पोकळ झाला तर एका स्पीकरची प्लस-मायनस उलटी आहे.
- एफएम लावा. ओळखीचं स्टेशन खरखरत असेल तर आधी निळी वायर बघा. छतावरच्या छोट्या अँटेनात अॅम्प्लिफायर असतो, त्याला १२ व्होल्ट मिळाले नाहीत तर नवीन स्टिरिओचं एफएम जुन्या टेपपेक्षा वाईट लागतं, आणि लोक स्टिरिओ बदलून आणतात.
- फोन लावून बोला, माईक समोरच्याला नीट ऐकू येतो का विचारा.
- इंजिन चालू करून रेस द्या. रेसबरोबर वाढणारी 'कुंई' ऐकू आली तर अर्थ कच्ची आहे किंवा आरसीएची (स्टिरिओतून अॅम्पला आवाज नेणारी) वायर पॉवरच्या वायरीला चिकटून गेलीये.

शेवटची तपासणी लोक करतच नाहीत, आणि हीच बॅटरी वाचवते. चावी काढा, दारं बंद, बॉनेट उघडं ठेवा. मीटर १० अँपिअरच्या रेंजवर, लाल प्रोब १० एच्या भोकात. बॅटरीची निगेटिव्ह काढून एक प्रोब काढलेल्या टर्मिनलला आणि दुसरी बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटाला लावा. अर्धा तास थांबा, गाडीचे कॉम्प्युटर झोपायला वेळ घेतात. त्यानंतर ५० मिलिअँपिअरच्या आत आकडा हवा, मीटरवर तो ०.०५ असा दिसेल. जास्त असेल तर पिवळ्या वायरचा फ्यूज काढून बघा, आकडा पडला तर दोष स्टिरिओकडेच आहे. या मोजणीत मीटर जोडलेला असताना चावी फिरवायची नाही, मीटरचा फ्यूज उडेल.

टप्पा ७: बसवणं

सगळं पास झालं की बॅटरी पुन्हा काढा आणि मगच स्टिरिओ आत सरकवा.

स्टिरिओसोबत आलेलेच स्क्रू वापरा. जुन्या टेपचे लांब स्क्रू कडेच्या भोकात घुसून आतल्या बोर्डाला लागतात, बाहेरून काही दिसत नाही. वायरींचा गठ्ठा स्टिरिओच्या थेट मागे कोंबू नका, तो बाजूच्या किंवा खालच्या पोकळीत केबल टायने बांधा. स्टिरिओ शेवटचे दोन सेंटिमीटर आत जात नसेल तर मागे वायर दबतीये, दाबू नका, बाहेर काढून परत मांडा. जिथे प्लास्टिक प्लास्टिकला घासतं तिथे कापडी टेप लावा, आपल्या रस्त्यांवर नाहीतर पहिल्याच आठवड्यात खुळखुळ चालू होते. एसीच्या नळीवर आणि स्टिअरिंगच्या दांड्याजवळून वायर नेऊ नका.

जीपीएसचा छोटा चौकोन काचेजवळ, डॅशबोर्डच्या वरच्या प्लास्टिकखाली, आकाशाकडे तोंड करून. पत्र्याखाली लपवला तर नकाशात गाडी शेजारच्या गल्लीतून चालते. बाहेरचा माईक काचेच्या खांबावरून वर नेणार असाल आणि गाडीत कर्टन एअरबॅग (छताच्या कडेतून खिडकीवर उघडणारी) असेल, तर वायर एअरबॅगच्या मागून न्या, पुढून आडवी नको, ती उघडताना वायर मध्ये येते.

पॅनेल लावताना आधी बटणांचे कपलर, मग क्लिपा एकेक करून 'टक्' आवाजापर्यंत. हॅझार्ड, एसी, मागची काच गरम करायचं बटण, सगळं लावून बघा. ऑटो अपवाली काच वर जाऊन परत खाली येत असेल तर बिघाड नाही, बॅटरी काढल्यामुळे ती विसरलीये. काच पूर्ण वर नेऊन बटण काही सेकंद धरून ठेवा, नेमकी पद्धत मॅन्युअलमध्ये मिळेल.

आवाजाबद्दल

खोक्यावर '५० वॅट बाय ४' लिहिलेलं असतं तो क्षणभराचा कमाल आकडा आहे. साध्या स्टिरिओतून प्रत्येक स्पीकरला सलग मिळतात साधारण १५ ते २० वॅट. त्यामुळे आवाज फाटायला लागला की स्पीकर कमजोर नाही, स्टिरिओची ताकद संपलीये. बास आणि लाऊडनेस दोन्ही पूर्ण वर ठेवून आवाज वाढवू नका, कंपनीचे कागदी कोनवाले स्पीकर त्यातच जातात. आधी इक्वलायझर सपाट ठेवून ऐका, आवाज कुठल्या आकड्याला फाटतो ते बघा आणि त्याच्या दोनतीन आकडे खालीच थांबा.

पुढे अॅम्प लावायचा विचार असेल तर त्याची पॉवर स्टिरिओच्या पिवळ्या वायरवरून घेऊ नका. बॅटरीपासून वेगळी जाड वायर, आणि बॅटरीपासून साधारण ४५ सेंटिमीटरच्या आत फ्यूज, तो अॅम्पजवळ नाही. मध्ये कुठे वायर पत्र्याला घासून शॉर्ट झाली तर बॅटरीजवळचाच फ्यूज आग थांबवतो.

जुना टेप, त्याचे स्क्रू, काढलेली फ्रेम हे सगळं एका पिशवीत घालून ठेवा, गाडी विकताना लागतं. आणि नवीन स्टिरिओचं जीएसटी बिल पुढच्या इन्शुरन्स रिन्युअलला दाखवून इलेक्ट्रिकल अॅक्सेसरीजमध्ये त्याची किंमत टाकून घ्या, कारण बाहेरून बसवलेली वस्तू पॉलिसीत लिहिलेली नसेल तर चोरी झाल्यावर तिचे पैसे मिळत नाहीत.